तळ्याकाठचं थेटर आणि तुमची बेचाळीस मडकी

मामा, तुम्ही जाऊन आज सतरावा दिवस, आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. चहा गाळताना भांडते, बाजारात मेथी निवडताना भांडते. परवा मामींसमोर तोंडातनं निघून गेलं, तर त्या म्हणाल्या, "लिहून काढ बाई एकदाचं, न्हाईतर डोस्कं फिरंल तुझं." म्हणून बसले लिहायला. तुम्ही कुठं जन्मलात, किती घरं बांधलीत, कुठल्या देवळाचं शिखर चढवलंत, ते सगळं लोकांनी शोकसभेत सांगून झालं. माझ्याकडं त्यातलं काही नाही. माझ्याकडं आपलं थेटर आहे, आणि त्याच्यापायी आपण एकमेकांना बोललेलं बरं-वाईट आहे.

तुम्ही माझे सख्खे मामा नव्हे, हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. माझी आई रखमाबाई तुमच्या हाताखाली बिगारी होती. आमच्या बौद्धवाड्यातनं रोज सकाळी तुमच्या कामावर यायची आणि डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन परांची चढायची. ती तुम्हाला दादा म्हणायची, म्हणून तुम्ही माझे मामा. तुमच्या भावकीत त्यावरनं कुजबूज झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "तिच्यावानी चुना तुमच्यात कुणाला कालवता येतो का? येत आसंल तर बोला." आईनं ही गोष्ट आयुष्यभर सांगितली. मला नोकरी लागली त्या दिवशी पेढे घेऊन ती आधी तुमच्या घरी गेली, मग देणंघेणं असलेल्या पाहुण्यांकडं.

आणि थेटर. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. तळं भरलं की आपण त्यालाच समुद्र म्हणायचं आणि त्याच्या काठावर उभं राहून भेळ खायची. त्या काठावर निजामाच्या राजवटीत एका हौशी व्यापाऱ्यानं हे थेटर उभं केलं. दगडी जोतं, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, सागवानी दारं, आणि तळ्यावरचं वारं रंगमंचाच्या मागच्या खिडक्यांतनं थेट आत. नाटक कंपन्यांचे पडदे आणि पेट्या येडशीच्या स्टेशनावरनं बैलगाड्यांत यायच्या, असं जुनी माणसं सांगत. मी जन्मले तेव्हा ते दिवस सरत आले होते. पुढं त्याचं टॉकीज झालं. घरोघरी टीव्ही आला तसं टॉकीज बसलं, मग सोयाबीनचं गोदाम झालं. मग कुणीतरी लग्नाचा हॉल करून बघितला, तोही चालेना, कारण आत बोललेलं धड कुणालाच कळत नव्हतं. मंगलाष्टकं एकात एक मिसळून तीन-तीनदा ऐकू यायची आणि कुठल्या सावधानाला अक्षता टाकायच्या ते वऱ्हाडाला समजायचं नाही. शेवटी इमारत नगरपंचायतीच्या ताब्यात आली. भिंतीवर लाल रंगानं 'धोकादायक इमारत' लिहिलं गेलं, आणि ती पाडून तिथं दुकानगाळे काढायचा ठराव तयार झाला.

मी तेव्हा नुकतीच हायस्कुलातनं निवृत्त झाले होते. तीस वर्षं माझ्या मुलींनी गॅदरिंगची नाटकं पत्र्याच्या शेडमध्ये केली. पाऊस आला की संवाद थांबायचे. गावात एवढं दगडी थेटर असताना हे का, म्हणून मी हट्टाला पेटले. सह्या गोळा केल्या, धाराशिवला चार खेटे घातले, आणि पाडण्याआधी निदान एकदा तपासा म्हणून एक इंजिनिअर आणवला. तुम्हालाही बोलावलं, कारण जुन्या चुन्याच्या कामातलं तुमच्याइतकं तालुक्यात दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. मला खात्री होती, माझा मामा माझ्या बाजूनं बोलणार.

इंजिनिअर साहेबांनी भिंती ठोकून बघितल्या. छत बघितलं. मग मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. ती टाळी भिंतींवर आपटत कितीतरी वेळ फिरत राहिली. ते म्हणाले, "बाई, इमारत पडायची नाही. पण थेटर म्हणून तिचा उपयोग नाही. इथं कुणाचं बोलणं कुणाला कळणार?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही ओळंबा गुंडाळून खिशात घातलात आणि भिंतीकडं न बघता म्हणालात, "साहेब बरूबर बोलायलेत. पाडून टाका. कशाला ठिवता मढं?"

मामा, त्या दिवशी मला तुमचा जो राग आला तो माझ्या नवऱ्याचाही कधी आला नाही. आठ महिने मी तुमच्याशी बोलले नाही. मामींनी संक्रांतीला पाठवलेला तिळगूळ ठेवून घेतला, पण तुमच्या घरी द्यायला गेले नाही. बाजारात तुम्ही समोरनं आलात की मी वांगी निवडायला खाली वाकायचे. एकदा वाकून वाकून दीड किलो वांगी घेतली, घरात खाणारं कुणी नसताना.

मग एका सकाळी तुम्हीच आलात. ओट्यावर बसलात, पाणी नको म्हणालात, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. तुम्ही टोपी काढलेली मी फक्त आईच्या मातीला बघितली होती, म्हणून मी घाबरले.

"शैला, ती मडकी म्या बुजवली," तुम्ही म्हणालात.

"कुठली मडकी?"

मग तुम्ही सांगितलंत. थेटराच्या भिंतीत वरच्या अंगाला मडक्यांच्या तीन ओळी होत्या, एकेका ओळीत चौदा. भिंत बांधतानाच मडकी आडवी बसवलेली, तोंडं आत थेटराकडं. तुमच्या उस्तादांनी तुम्हाला ती दाखवून सांगितलं होतं की फुकटचा घुमणारा आवाज ही मडकी पितात, म्हणून पुढचा शब्द स्वच्छ ऐकू येतो. जुन्या लोकांनी विचार करून ठेवलंय, ह्याला कधी हात लावू नको. पुढं टॉकीज करायचं ठरलं. मडक्यांत पारवे घरटी करायचे, त्यांची घाण खुर्च्यांवर पडायची. मालक म्हणाला, बुजवून टाक, सपाट गिलावा कर, न्हाईतर दुसरा गवंडी बघतो. उस्ताद वारून वर्ष झालं होतं. तुम्ही नुकतेच भावांपासून वेगळे निघाला होता आणि एवढं मोठं काम पहिल्यांदाच हातात आलं होतं.

"म्हंजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"माहीत होतं. माहीत असून बुजवली. आन् चुना तुझ्या आईनं दिला, एकेक गोळा करून. तिला काय ठाऊक न्हवतं. मला होतं."

मी तुम्हाला काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणाले, "म्हणूनच पाडा म्हणालात ना साहेबाला? इमारत गेली की तुमचं पाप पण तिच्याखाली गाडलं जाईल. लाज नाही वाटली?" तुम्ही रागवाल, उठून जाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही नुसती मान हलवलीत. "व्हय," म्हणालात, "त्याच्यापायीच म्हणलो. लाज वाटती म्हणून तर आलोय." आणि टोपी घालून चालायला लागलात. मी तुम्हाला थांबवलं नाही. चहासुद्धा विचारला नाही.

चार दिवसांनी शाळेतली एक बाई धावत आली, मॅडम, तुमचे मामा थेटरात परांचीवर चढलेत. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या तीन पायऱ्या चढायला कुरकुरणारा. मी पळत गेले. खाली तुमच्या हाताखाली तयार झालेले दोघं गवंडी तोंडं पाडून उभे होते, कारण तुम्ही त्यांना हात लावू देत नव्हता. वर तुम्ही भिंतीला कान लावून हातोडीच्या दांड्यानं हळूहळू ठोकत होता. एका जागी आवाज बदलला. तिथं खडूनं गोल काढलात आणि छन्नी लावलीत.

मी खालनं ओरडले, "मामा, खाली या. पडलात तर मामींना मी काय सांगू?"

"सांग, मामा नशीबवान निघाला," तुम्ही वरनं म्हणालात. "त्या टायमाला शिमिट परमिटवर मिळायचं, म्हणून म्या चुन्यानं बुजवली. शिमिट असतं तर मडक्यासकट निघालं असतं. चुना सुटतोय बघ, कसा सुटतोय."

खरंच सुटत होता. वरचा गिलावा निघाला, मग चुना आणि कौलांचे तुकडे, आणि मग आतनं मडक्याचं तोंड दिसलं, तडासुद्धा न गेलेलं. तुम्ही त्यात हात घातलात आणि कोपरापर्यंत आत नेलात. तुमच्या डोळ्यांतनं पाणी गालावर येत होतं आणि त्यात चुना कालवला जात होता, आणि तुम्ही म्हणत होता, "घे, ह्ये एक झालं."

दोन महिने ते काम चाललं, मामा. रोज सकाळी आठ ते अकरा, कारण अकरानंतर मामी चढू देत नव्हत्या. मी रोज डबा घेऊन यायचे. आपण बोलायला लागलो होतो, पण माझ्या त्या बोलण्याबद्दल एक अक्षर कधी निघालं नाही. तुम्ही मला मुरुमाच्या आणि चुन्याच्या गोष्टी सांगायचात, आई कशी गाणं म्हणत परांची चढायची ते सांगायचात. मला रोज वाटायचं, आज म्हणावं, मामा, त्या दिवशीचं माझं बोलणं जाऊ द्या. रोज वाटायचं, उद्या म्हणू.

बेचाळिसावं मडकं उघडलं त्या दुपारी तुम्ही मला रंगमंचावर उभं केलंत आणि स्वतः काठी टेकत पार मागच्या भिंतीला जाऊन उभे राहिलात. नगराध्यक्ष, दोन नगरसेवक आणि धाराशिवचे ते इंजिनिअर साहेब मधल्या मोकळ्या जागेत होते. तुम्ही हातानं खूण केलीत, बोल. मोठ्यानं नको, घरात बोलतीस तसं. मी साध्या आवाजात म्हणाले, "मामा, जेवलात का?"

आणि मागनं, एवढ्या लांबनं, तुमचा आवाज आला, जसा शेजारी बसून बोलावा तसा. "भाकर आन् ठेचा. तुझ्या मामीनं आज तेल कमी घातलंय."

इंजिनिअर साहेब हसायलाच लागले. मग त्यांनी टाळी वाजवली. ती वाजली आणि संपली. त्यांनी परत वाजवली, परत संपली. ते तुमच्याजवळ गेले आणि तुमचे चुन्यानं माखलेले दोन्ही हात त्यांनी हातात धरले. माझं बोलणं जाऊ द्या, हे मला रंगमंचावरनं तेव्हाच म्हणता आलं असतं. हळू म्हटलं असतं तरी तुम्हाला ऐकू आलं असतं, पण मग त्या सगळ्यांनाच ऐकू आलं असतं, म्हणून मी ते गिळलं. हे माझ्या मनाला फार लागून राहिलंय, मामा.

तरी ठराव काही मागं गेला नाही. नगराध्यक्ष म्हणाले, "आवाजाचं मान्य. पण आत बसायला काय आहे? ना खुर्ची, ना बाक, ना दारं. नुसत्या चार भिंती ठेवून गावानं करायचं काय? पुढच्या सभेत बघू." बाहेर आल्यावर मी चिडचिड केली. तुम्ही मात्र वेगळंच काढलंत. "थेटर ऱ्हावो न्हाईतर जावो," म्हणालात, "तू कवातरी लोकांपुढं बोलशील. तवा उघडली ते सांगशीलच. बुजवली ते पण सांग."

मी म्हणाले, कशाला? लोकांना तुमचं चांगलं काम कळू दे. आणि आईचं नाव मध्ये येईल. तुम्ही म्हणालात, तिचं घेऊ नको, माझं घे. मी म्हणाले, घेणार नाही. तुम्ही म्हणालात, मग माझ्याबद्दल बोलूच नको. तिथंच आपलं भांडण राहिलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारच्या चहाची वाट बघत अंगणातल्या खाटेवर पडलेले असताना, तुम्ही गेलात. मामी कप घेऊन आल्या तेव्हा तुम्ही नव्हता.

तेराव्याला संध्याकाळी तुमची शोकसभा लोकांनी थेटरातच घेतली. घरून आणलेल्या सतरंज्यांवर माणसं बसली, बायका पायऱ्यांच्या अंगाला. कुणीतरी माइक लावला होता, तो मी बाजूला केला. माझी पाळी आली तोवर तुम्हाला देवमाणूस म्हणून झालं होतं, विश्वकर्मा म्हणून झालं होतं. मी उठले तेव्हा काय बोलणार ते माझंच ठरलेलं नव्हतं. समोर मामी बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघून मी म्हणाले, "ही मडकी मामांनी उघडली हे तुम्हाला माहीत आहे. ती बुजवलीही त्यांनीच होती. माहीत असून बुजवली होती. आणि त्यांना चुना देणारी माझी आई होती."

अगदी शेवटच्या माणसापर्यंत ते गेलं. तळ्यावरच्या टिटव्या तेवढ्या आत ऐकू आल्या. मला वाटलं, शैला, तू घाण केलीस. मेलेल्या माणसाची अब्रू घेतलीस, आईचीही घेतलीस. मी खाली बसणार, एवढ्यात बसस्टँडसमोरचे हॉटेलवाले सोपानराव उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "आता विषय निघालाच हाय तर सांगतो," ते म्हणाले. "माझ्या हाटेलातली बाकडी ह्या थेटरातली हाईत. टॉकीज बंद पडलं तवा माझ्या बापानं नेली. तुमी सगळे त्याच्यावर बसून चहा पिता."

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. मग पायऱ्यांवरनं एक म्हातारी म्हणाली की थेटराच्या फळ्या तिच्या लोहाऱ्याच्या नणंदेच्या माळवदाला आहेत, ती भांडखोर आहे पण मागून बघते. एकानं घंटा सांगितली, एकानं कठडा. एकजण उभा राहून म्हणाला, आमच्या देव्हाऱ्याखालचा चौरंग काय थेटरातला न्हाई, पण आमी बी त्या टायमाला एक खिडकी नेली व्हती. माणसं एकमेकांना ढोसून उठवायला लागली. मामा, तुमच्या शोकसभेत लोक डोळे पुसत होते ते हसून हसून. मामी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. नगराध्यक्ष मात्र पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर रस्ता अडलेला. सोपानरावांची बाकडी हातगाड्यावर. लोहाऱ्याहून आलेल्या जीपच्या टपावर दोरीनं बांधलेल्या फळ्या, आणि आत ती भांडखोर नणंद स्वतः, फळ्या नीट उतरवतात का ते बघायला आलेली. एक लोखंडी खुर्ची एका माणसानं सायकलवर डोक्यावर धरून आणली. आणि अकराच्या सुमाराला एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सागवानी दाराच्या दोन फळ्या, पितळी कड्यांसकट, शेणानं बरबटलेल्या. ड्रायव्हर खाली उतरून हळूच म्हणाला, "अध्यक्षसायबांच्या गोठ्याची दारं हाईत. त्यांनी सांगितलंय, कुणाला सांगू नको." तोवर तिथं शंभरेक माणसं उभी होती.

त्याच्या पुढच्या दिवशी नगरपंचायतीची सभा झाली. मी दाराशी उभी राहून ऐकलं. बसायला काय आहे, दारं कुठं आहेत, हे कुणी विचारलंच नाही. नगराध्यक्षांनी गाळ्यांचा ठराव मागं घेतला आणि इमारत थेटर म्हणूनच राहील असं लिहून घेतलं. मी तिथनं सरळ तुमच्या घरी गेले, आणि उंबऱ्यात पाय ठेवल्यावर मला आठवलं की सांगायला तुम्ही नाही. मामींच्या गळ्यात पडून रडले. मग त्यांनी ताटं केली आणि आम्ही दोघींनी पोटभर खाल्लं. आनंदच एवढा झाला होता.

जिंकलो, मामा. पत्र्याच्या शेडमधल्या माझ्या पोरींची पुढची पिढी आता दगडी थेटरात उभी राहणार. माझं म्हणणं होतं की खरं सांगितलं तर तुमचं नाव खाली येईल. मी चुकले. आणि त्या सकाळी ओट्यावर मी जे बोलले तेही चुकले. तुम्हाला लाज होती म्हणूनच तुम्ही आला होता, आणि मी तुम्हाला चहासुद्धा न विचारता जाऊ दिलं. हे आता सगळ्यांच्या देखत लिहिते आहे, लोकांना ऐकू गेलं तरी चालेल.

काल नगराध्यक्ष पाटीचा मजकूर घेऊन मामींकडं आले. दर्शनी भिंतीत दगड बसवायचा आहे. त्यावर लिहिलं होतं की ही मडकी अमुक मिस्त्रींनी उघडून थेटर वाचवलं. मामींनी मला वाचून दाखवायला लावलं आणि विचारलं, "बुजवल्याचं कुठाय?"

"मामी, ते कशाला दगडावर?" नगराध्यक्ष म्हणाले. "वाईट दिसतं."

मामी म्हणाल्या, "दोन्ही लिवा. निस्तं एकच लिवलं तर त्यो माझा मानूस न्हाई."

तसंच लिहायला दिलंय, मामा. बुजवणारे तुम्ही, उघडणारेही तुम्ही. एक ओळ मात्र मी तुमचं न ऐकता खाली घातली आहे: चुना देणारी, रखमाबाई.